केंद्रातले आघाडी मंत्रिमंडळ : कोणाला किती, कोणते आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की पुढचे चार-पाच दिवस टीव्हीवर एकच आकडेमोड चालते: अमक्याचे इतके खासदार, म्हणजे त्याला इतकी मंत्रिपदे. शपथविधीच्या संध्याकाळी ती बहुतेक वेळा फसलेली असते, कारण खासदारांची संख्या हा वाटपाचा एक आधार आहे, एकमेव नाही. त्या पक्षावाचून सरकार किती अडते, हा दुसरा आधार, आणि माझ्या मते खरा तोच. हे डोक्यात ठेवून वाचले तर खालची बरीच उत्तरे आपोआप सुटतील.

मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ एकच का?

बोलताना एकच, कागदावर नाही. मंत्रिपरिषद म्हणजे पंतप्रधानांपासून शेवटच्या राज्यमंत्र्यापर्यंत सगळे. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातले फक्त कॅबिनेट मंत्री. निर्णय होतात ते दर बैठकीला बसणाऱ्या या छोट्या गटात. राज्यमंत्र्याला तिथे बोलावणे आले तरच जायचे असते, आणि ते सहसा त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हाच येते. राज्यघटनेचे अनुच्छेद ७४ आणि ७५ मंत्रिपरिषदेबद्दल बोलतात. ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द घटनेत उशिरा आला, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने, तोही अनुच्छेद ३५२ मध्ये, आणीबाणीच्या संदर्भात.

हा फरक घोकंपट्टीचा वाटेल, पण आघाडीत तो पैशाएवढा महत्त्वाचा आहे. ९ जून २०२४ रोजी शपथ घेतलेल्या मंत्रिपरिषदेत ७२ जण होते: पंतप्रधान, ३० कॅबिनेट मंत्री, ५ स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री. त्यात मित्रपक्षांचे ११. ‘अकरा मंत्री’ ऐकायला भरभक्कम वाटते. बैठकीच्या टेबलावर मात्र त्यांच्यातल्या पाचांनाच खुर्ची मिळाली.

कोणालाच बहुमत नसेल तर राष्ट्रपती आधी कोणाला बोलावतात?

घटनेत याचा क्रम दिलेला नाही. अनुच्छेद ७५ एवढेच सांगतो की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि बाकीच्यांची पंतप्रधानांच्या सल्ल्याने. राज्यपालांसाठी, केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने एक क्रम सुचवला होता: आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांचा पाठिंबा घेऊन दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जमलेली आणि सगळे सत्तेत येणार असलेली आघाडी, आणि शेवटी जिच्यातले काही बाहेरूनच पाठिंबा देणार आहेत अशी आघाडी. दिल्लीतही साधारण हाच तर्क चालतो.

राष्ट्रपतींचा स्वभाव मात्र मध्ये येतोच. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावले. भाजपकडे १६१ खासदार होते आणि आणखी कुठून येतील याचा पत्ता नव्हता. तेरा दिवसांत सरकार गेले. १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी ती चूक टाळली आणि वाजपेयींकडे आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. १८ खासदार असलेल्या अण्णा द्रमुकचे पत्र येईना. देशाचा पंतप्रधान कोण, हे काही दिवस चेन्नईहून निघणाऱ्या एका कागदावर अडून राहिले होते. पत्र अखेर आले, १९ मार्चला शपथविधी झाला, आणि पाठिंब्याची किंमत काय असते हे दिल्लीला त्या आठवड्यात नीट कळले.

पाठिंब्याचे पत्र कायद्याने बंधनकारक असते का?

नाही. उद्या दुसरे पत्र देऊन ते मागे घेता येते. बहुमताची खरी परीक्षा सभागृहातच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात पक्के करून टाकले आहे.

मित्रपक्षाचा मंत्री कोण ठरवतो, पंतप्रधान की त्या पक्षाचा प्रमुख?

कागदावर पंतप्रधान. प्रत्यक्षात किती जागा आणि कोणती खाती यावर पंतप्रधानांचा पक्ष वाटाघाटी करतो, आणि त्या जागेवर कोणाला बसवायचे ते मित्रपक्षाचा प्रमुख सांगतो. पंतप्रधान एखाद्या नावावर नाक मुरडू शकतात. पण दुसरे नावही त्याच घरातून यायचे असते.

जे नेमण्याचे, तेच काढण्याचे. शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे ऊर्जा खाते होते आणि त्यांच्या कामाचे कौतुकही होत होते. तरी २००२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण पक्षप्रमुखांची तशी इच्छा होती. पंतप्रधान त्यांच्यावर नाराज असल्याचे कोणी म्हटले नव्हते. त्यांच्या जागी शिवसेनेचेच अनंत गीते आले.

याहून बोलके उदाहरण १४ मार्च २०१२ चे. रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी लोकसभेत रेल्वे अर्थसंकल्प मांडला. बऱ्याच वर्षांनी प्रवासभाडे वाढवले, तेही वर्गानुसार किलोमीटरमागे दोन पैशांपासून तीस पैशांपर्यंत. संध्याकाळ होईतो त्यांच्याच तृणमूल काँग्रेसच्या अध्यक्ष ममता बॅनर्जी यांनी त्यांना हटवून मुकुल रॉय यांना रेल्वेमंत्री करा, असे पंतप्रधानांना कळवले होते. आठवडा उलटायच्या आत त्रिवेदी गेले, रॉय आले, आणि बहुतेक भाडेवाढ मागे घेण्यात आली. अर्थसंकल्प सरकारचा, मंत्री सरकारचा, पण दोरी कोलकात्यात.

खासदारांच्या प्रमाणात मंत्रिपदे मिळतात, असे काही सूत्र आहे का?

लेखी सूत्र नाही. ‘इतक्या खासदारांमागे एक कॅबिनेट’ अशी गणिते प्रत्येक वेळी कानावर येतात. ती वाटाघाटीची सुरुवात करायला उपयोगी असतात, शेवट करायला नाही.

२०२४ चे वाटप समोर घेऊन बघा. तेलुगू देशमचे १६ खासदार, त्यांना एक कॅबिनेट आणि एक राज्यमंत्री. संयुक्त जनता दलाचे १२, त्यांनाही एक आणि एक. शिंदे यांच्या शिवसेनेचे ७, मिळाले एक राज्यमंत्रिपद स्वतंत्र कार्यभाराचे, प्रतापराव जाधव यांना आयुष खाते. चिराग पासवान यांच्या पक्षाचे ५, एक कॅबिनेट. कुमारस्वामी यांच्या धर्मनिरपेक्ष जनता दलाचे २, एक कॅबिनेट. जीतनराम मांझी यांच्या पक्षाचे एकटे मांझी, आणि तेही कॅबिनेट! रामदास आठवले यांच्या रिपब्लिकन पक्षाचा लोकसभेत एकही खासदार नाही, ते स्वतः राज्यसभेत, त्यांना राज्यमंत्रिपद. आणि २ खासदार असलेल्या जनसेनेला काहीच नाही.

शिवसेनेचे मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांनी दुसऱ्याच दिवशी हे जाहीरपणे बोलून दाखवले: सात खासदारांना राज्यमंत्रिपद आणि एका खासदाराच्या पक्षाला कॅबिनेट, हे कसे? प्रमाणाच्या हिशेबाने तक्रार रास्त होती. पण मांझी बिहारचे माजी मुख्यमंत्री, दलित नेते, आणि बिहारची विधानसभा निवडणूक पुढच्याच वर्षी होती. कुमारस्वामीही कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री. मुख्यमंत्रिपद भोगलेल्या माणसाला राज्यमंत्री व्हा म्हणणे म्हणजे न बोलावण्यासारखेच.

आता अडून राहण्याचा हिशेब. राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे २९३ खासदार, बहुमताला लागतात २७२. तेलुगू देशम एकटा गेला तरी २७७ उरतात. संयुक्त जनता दल एकटा गेला तर २८१. दोघे मिळून गेले तरच आकडा २६५ वर येतो. म्हणजे सरकार मित्रांवर टेकलेले खरे, पण कोणत्याही एका मित्रावर नाही. गृह, अर्थ, संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे यांतले एकही खाते मित्रांना का मिळाले नाही, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. १९९८ मध्ये असे नव्हते. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढला आणि १७ एप्रिल १९९९ रोजी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले.

मग २०२४ मध्ये मोठ्या मित्रांनी एवढ्यावर समाधान का मानले?

कारण त्यांनी आपला वाटा दुसऱ्या खिडकीतून घेतला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आंध्र प्रदेशच्या राजधानीसाठी त्या वर्षी १५,००० कोटी रुपये उभे करून देण्याचे आश्वासन होते. बिहारमधल्या रस्त्यांसाठी २६,००० कोटी आणि पूरनियंत्रणासाठी ११,५०० कोटी. तेलुगू देशमचे चंद्राबाबू आणि संयुक्त जनता दलाचे नितीशकुमार दोघेही तेव्हा आपापल्या राज्याचे मुख्यमंत्री. दिल्लीत आपला एक कॅबिनेट मंत्री जास्त असण्यापेक्षा आपल्या राज्यात पैसा येणे त्यांना जास्त कामाचे. ज्या पक्षाचे राज्यात सरकार नाही त्याला मंत्रिपद जास्त प्यारे असते, कारण कार्यकर्त्यांना दाखवायला दुसरे काही नसते.

शिवसेनेच्या वाट्याला नेहमी अवजड उद्योगच का यायचे?

हा प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण यादी बघितली तर हसू थांबते. १९९९ मध्ये मनोहर जोशी अवजड उद्योगमंत्री. २००२ मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा बाळासाहेब विखे पाटील. मग सुबोध मोहिते. २०१४ मध्ये अनंत गीते. २०१९ मध्ये अरविंद सावंत. एकाच पक्षाचे पाच मंत्री, एकच खाते, दोन पंतप्रधान.

नाव अवजड, वजन हलके, असे या खात्याचे वर्णन करता येईल. त्याच्या अखत्यारीत सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या. त्यांतली भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) सोडली तर बऱ्याच आजारी, बंद पडलेल्या किंवा बंद करायच्या रांगेत. जिल्ह्यात नेऊन उद्घाटन करावे असे फारसे काही नाही. ‘आमचे १८ खासदार आणि खाते हे?’ अशी शिवसेनेची कुरकुर २०१४ मध्येही होती आणि २०१९ मध्येही. पण दोन्ही वेळा भाजपला स्वबळावर बहुमत होते, २८२ आणि नंतर ३०३. मित्राला दिलेले मंत्रिपद ही तेव्हा गरज नव्हती, रीत होती. लग्नात आहेर द्यायचा म्हणून देतात तसा.

२०१४ च्या नोव्हेंबरमधला प्रसंग तर अगदी सांगण्यासारखा. मंत्रिमंडळाचा विस्तार होता, ९ तारखेला. शिवसेनेचे अनिल देसाई शपथ घ्यायला मुंबईहून दिल्लीला विमानाने गेले. तिकडे महाराष्ट्रातल्या सत्तेच्या वाट्यावरून दोन्ही पक्षांची बोलणी फिसकटली, आणि देसाई दिल्लीच्या विमानतळावरूनच परत फिरले. त्याच दिवशी सुरेश प्रभूंनी भाजपमध्ये प्रवेश केला आणि कॅबिनेट मंत्री म्हणून शपथ घेतली. लगेच त्यांना रेल्वे खाते मिळाले.

२०२४ मध्ये अवजड उद्योग कुमारस्वामींकडे गेले, पोलादासह.

‘स्वतंत्र कार्यभार’ म्हणजे नेमके काय?

असा राज्यमंत्री आपल्या खात्याचा प्रमुख असतो. त्याच्या डोक्यावर कॅबिनेट मंत्री नसतो, फायली थेट त्याच्याकडे येतात. दर्जा मात्र राज्यमंत्र्याचाच, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत कायमची जागा नाही. म्हणजे घर स्वतःचे, पण गावकीत मान नाही.

राष्ट्रवादीने २०२४ मध्ये मिळत असलेले मंत्रिपद का नाकारले?

याच दर्जाच्या प्रश्नावरून. अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचा लोकसभेत एकच खासदार निवडून आला होता, रायगडचे सुनील तटकरे. पक्षाला स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले गेले आणि नाव होते प्रफुल्ल पटेल यांचे. पटेल २००४ मध्ये नागरी विमान वाहतुकीचे स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री होते आणि जानेवारी २०११ मध्ये बढती मिळून कॅबिनेट मंत्री झाले होते. (खाते? अवजड उद्योग. खरेच.) एकदा कॅबिनेट झालेल्याने पुन्हा खालच्या पायरीवर बसणे ही पदावनती ठरेल, असे त्यांनी सांगितले. थांबायची तयारी आहे, पण कॅबिनेटच हवे, अशी अजित पवारांची भूमिका होती.

एका खासदाराच्या जोरावर ही मागणी मोठी वाटते खरी. पण त्याच दिवशी मांझी शपथ घेत होते!

खात्यांमध्ये वजनदार कोणती आणि ‘मलईदार’ कोणती?

वजनदार म्हणजे गृह, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र. या चार खात्यांचे मंत्री आणि पंतप्रधान मिळून सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती बनते. मुख्य पक्ष या चारांना सहसा हात लावू देत नाही. २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारातही चारही काँग्रेसकडे होती, २०२४ मध्ये चारही भाजपकडे. अपवाद घडले ते मुख्य पक्ष खरोखरच दुबळा असताना, किंवा मित्र तितका जवळचा असताना. १९९८ मध्ये समता पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री झाले. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे इंद्रजित गुप्त गृहमंत्री होते. ज्या गृहखात्याने कम्युनिस्टांना एकेकाळी तुरुंगात टाकले, त्याच खात्याच्या खुर्चीवर कम्युनिस्ट, ही गोष्ट त्या पिढीला फार मजेची वाटली होती.

मित्रपक्षांचा डोळा मात्र वेगळ्या खात्यांवर असतो. जिथे कंत्राटे निघतात, नेमणुका होतात, आपल्या मतदारसंघात पाटी लावता येते. रस्ते, दूरसंचार, नागरी विमान वाहतूक, आणि या सगळ्यांची राणी म्हणजे रेल्वे. १९९८ पासून २०१२ पर्यंत, मधले काही आठवडे सोडले तर, रेल्वे सतत मित्रपक्षांकडे होती: नितीशकुमार, ममता, पुन्हा नितीशकुमार, लालूप्रसाद, पुन्हा ममता, त्रिवेदी, रॉय. २००४ मध्ये लालूप्रसाद आणि रामविलास पासवान दोघांनाही रेल्वेच हवी होती. लालूंना मिळाली, पासवान यांना रसायने, खते आणि पोलाद देऊन समजूत काढावी लागली.

रेल्वेचे एवढे आकर्षण का, तर तिचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जायचा. वर्षातून एक दिवस संसद आणि सगळे टीव्ही त्या एका मंत्र्यासमोर बसायचे, आणि नव्या गाड्यांची यादी वाचताना कोणत्या राज्याचे नाव किती वेळा आले हे लोक मोजायचे. २०१७ पासून हा अर्थसंकल्प मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. रेल्वे तेव्हापासून मोठे खाते राहिली, पण तो रंगमंच गेला.

आणि हो, अर्थखात्याला कोरडे समजू नका. १९४६ च्या हंगामी सरकारात मुस्लीम लीग आली तेव्हा वल्लभभाई पटेलांकडचे गृहखाते सोडायचे नाही म्हणून काँग्रेसने अर्थखाते लियाकत अली खान यांना दिले. मग प्रत्येक काँग्रेस मंत्र्याच्या खर्चाच्या फायली लीगच्या मंत्र्याकडे अडकू लागल्या. साधा शिपाई नेमायलाही अर्थखात्याची परवानगी लागते, अशी तक्रार ऐकू येऊ लागली. त्यानंतर दिल्लीतल्या कोणत्याही मुख्य पक्षाने अर्थखाते सहजासहजी कोणाच्या हाती दिलेले नाही, यात नवल नाही.

राज्यमंत्री वेगळ्या पक्षाचा असू शकतो का?

असतो, आणि कित्येकदा मुद्दाम. २००४ मध्ये अर्थमंत्री काँग्रेसचे चिदंबरम आणि त्यांच्या खात्यात राज्यमंत्री द्रमुकचे पळनिमाणिक्कम. दुसऱ्या पक्षाचा माणूस खात्यात असला की बातमी आधी कळते, एवढा तरी फायदा. पण राज्यमंत्र्याला काम किती द्यायचे हे कॅबिनेट मंत्र्याच्या मर्जीवर. ‘माझ्याकडे फाईलच येत नाही’ ही राज्यमंत्र्यांची तक्रार पक्षभेद न पाळता चालत आलेली आहे.

जास्तीत जास्त किती मंत्री करता येतात?

लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के, पंतप्रधान धरून. ५४३ चे १५ टक्के म्हणजे ८१. ही मर्यादा २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आली. त्याआधी सरकार टिकवायला हवी तेवढी खिरापत वाटता यायची. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांनी ९३ मंत्री केले, तो नमुना प्रसिद्धच आहे. २००९ मध्ये मनमोहन सिंग सरकार दोन हप्त्यांत ७९ वर पोचले: २२ मे रोजी पंतप्रधान आणि १९ मंत्री, २८ मे रोजी आणखी ५९. मधल्या सहा दिवसांत द्रमुकशी खात्यांवरून रस्सीखेच चालली होती.

शहाणा पंतप्रधान पहिल्याच दिवशी ८१ पुरे करत नाही. रिकाम्या जागा हे नाराजांना थांबवून धरण्याचे उत्तम साधन आहे.

खासदार नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो का?

हो, सहा महिन्यांपर्यंत. तेवढ्यात लोकसभा किंवा राज्यसभेत यावे लागते. लुधियानात हरलेले रवनीतसिंग बिट्टू आणि केरळचे जॉर्ज कुरियन २०२४ मध्ये असेच मंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये राज्यसभेवर गेले. सहा महिने संपले की निवडून न येता पुन्हा शपथ घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंद केली.

उपपंतप्रधान हे पद घटनेत आहे का?

नाही. तो मंत्रीच, फक्त मानाचा. आघाडीत दोन नंबरच्या नेत्याची समजूत काढायला हे पद फार उपयोगी पडले आहे. १९७९ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी तर चरणसिंग आणि जगजीवनराम या दोघांनाही उपपंतप्रधान केले, आणि सहा महिन्यांत सरकार पडले. त्यानंतरच्या चरणसिंग सरकारात यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. त्या सरकारने तर संसदेचे तोंडही पाहिले नाही. २० ऑगस्ट १९७९ रोजी, विश्वासमताच्या दिवशीच, चरणसिंगांनी राजीनामा दिला.

देवीलाल यांचा किस्सा इथे सांगायलाच हवा. २ डिसेंबर १९८९, विश्वनाथ प्रताप सिंग सरकारचा शपथविधी. राष्ट्रपती व्यंकटरमण शपथेचा मसुदा सांगत होते, त्यात शब्द होता ‘मंत्री’. देवीलाल म्हणाले, ‘उपप्रधानमंत्री’. राष्ट्रपतींनी पुन्हा ‘मंत्री’ असे सुचवले. देवीलाल पुन्हा ‘उपप्रधानमंत्री’. आदल्याच दिवशी त्यांनी नेतेपद स्वतःकडे आलेले असताना विश्वनाथ प्रताप सिंगांच्या ओंजळीत टाकले होते, तेव्हा हट्टाला कारण होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटले की शपथ मंत्री म्हणूनच वैध आहे, पुढचे फक्त वर्णन.

‘बाहेरून पाठिंबा’ देणाऱ्यांना काय मिळते?

मंत्रिपद नाही आणि जबाबदारीही नाही. हाच त्यातला गोडवा. २००४ मध्ये डाव्यांनी बाहेर राहून किमान समान कार्यक्रम लिहून घेतला, समन्वय समिती बसवली आणि लोकसभेचे अध्यक्षपद मार्क्सवादी पक्षाच्या सोमनाथ चटर्जींना मिळाले. अध्यक्षपद असे मित्राला देण्याची रीत १९९८ पासूनची, तेव्हा तेलुगू देशमचे बालयोगी अध्यक्ष झाले होते. पक्षांतराचे खटले अध्यक्षापुढे चालतात, त्यामुळे फुटीची भीती असलेल्या प्रादेशिक पक्षाला ही खुर्ची दोन कॅबिनेट मंत्र्यांहून मोलाची वाटू शकते.

बाहेरचा पाठिंबा टिकतो कमी, हे मात्र खरे. देवेगौडा आणि गुजराल दोघांनीही काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर मिळून दोन वर्षेही काढली नाहीत.

किमान समान कार्यक्रम मोडला तर कोर्टात जाता येते का?

नाही. तो राजकीय करार आहे. मोडला तर पाठिंबा काढायचा, एवढाच उपाय.

मंत्रिमंडळात मतदान होते का? मित्रपक्षाचा मंत्री निर्णयाला विरोध करू शकतो का?

मतदानाची रीत नाही. पंतप्रधान चर्चेचा सूर पाहून निर्णय सांगतात. बैठकीत विरोध करता येतो, बाहेर आल्यावर नाही, कारण अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. आघाडीत हा नियम सैल होतो. मंत्री गप्प बसतो आणि त्याचा पक्षप्रमुख राज्यातून बोलतो. भांडण टेबलावर येऊच नये म्हणून मनमोहन सिंग सरकारात मंत्रिगटांचे, म्हणजे एकेका विषयासाठी नेमलेल्या मंत्र्यांच्या छोट्या समित्यांचे, पीक आले होते. ३१ मे २०१४ रोजी मोदींनी ते सगळे, ९ अधिकारप्राप्त आणि २१ साधे, एका फटक्यात बरखास्त केले. स्वतःच्या पक्षाचे २८२ खासदार पाठीशी असताना हे जमते.

मित्रपक्ष बाहेर पडला की सरकार पडते का?

आपोआप नाही. आकडा २७२ च्या खाली गेला आणि लोकसभेत ते सिद्ध झाले, तरच. २००८ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, तरी २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ असा ठराव जिंकला. सप्टेंबर २०१२ मध्ये तृणमूलचे सहा मंत्री बाहेर पडले, सरकार २०१४ पर्यंत चालले. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देशमचे दोन मंत्री गेले, तेव्हा तर सरकारला धक्काही बसला नाही.

राजीनामा दिलेला मंत्री नेमका कधीपासून माजी होतो?

पत्र दिले त्या क्षणी नाही. पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ते स्वीकारतात तेव्हा. तोवर खाते त्याचेच, निदान कागदावर. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी अरविंद सावंत यांनी राजीनामा जाहीर केला, तो स्वीकारला गेला आणि अवजड उद्योगाचा अतिरिक्त कार्यभार प्रकाश जावडेकर यांच्याकडे गेला.